मागाच्या पलीकडून

मित्रांनो, नदीकाठच्या पायवाटेने दुपारी कधी फिरायला आलात, तर पडक्या धुराड्याच्या पुढे बिनछपराचे एक लांबलचक दालन लागते. तिथे वेलींच्या जाळीत जे लोखंडी धूड दिसते ना, ते मी. मी एक जुना माग आहे. फिरायला येणारे लोक "हे छापखान्याचं यंत्र असेल" असे म्हणून पुढे निघून जातात. राग येतो, पण करता काय!

ओतीव लोखंडाचे माझे अंग बोल्ट ठोकून या फरशीत पक्के रोवले गेले. माझ्यासारखे कितीतरी माग इथे रांगेने उभे होते. उभ्या धाग्यांमधून धोटा इकडून तिकडे पळायचा, फणी प्रत्येक आडवा धागा ठोकून बसवायची आणि कापड हळूहळू पुढे सरकायचे. चादरी, पडदे, सदऱ्यांचे कापड, काय काय विणले म्हणून सांगू! पण आमचा खडखडाट असा, की शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून इथली माणसे ओरडायच्या भानगडीत पडतच नसत. समोरासमोर उभी राहून नुसते ओठ हलवत आणि जोडीला हात. दोन बोटे एकमेकांपासून झटकन दूर नेली, की तुझा धागा तुटला. ओठांवर खोटी मिशी पिळली, की मुकादम आला, कामाला लागा! थट्टा, भांडणे, घरची सुखदुःखे, सगळे असे बिनआवाजी चाले.

माझ्यावर काम करणारी बाई तर या बोलण्यात एकदम पटाईत. तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिचे ओठ कधी मिटतच नसत. समोरच्या रांगेतल्या बाईशी ती दिवसभर गप्पा हाणायची, तरी माझ्याकडे तिचे बारीक लक्ष असे. तेल वेळेवर, पुसणे वेळेवर. तिचे कापड तपासायलाच नको, असे मुकादम म्हणायचा. तेव्हा माझी मान कशी ताठ व्हायची!

पुढे गिरणी बंद पडली. बाकीचे माग भंगारात गेले. माझे बोल्ट काही केल्या निघेनात, म्हणून मला इथेच सोडून दिले. छप्पर गेले, पाऊस आत आला, गंज चढला. पाखरे सोडली तर कोणी विचारेना.

आणि परवा दुपारी टकळी आली! केस पांढरे, हातात काठी, सोबत लेक आणि जावई. "वाट सपाट आहे, अजिबात दम लागणार नाही," असे सांगत जावई धुराड्याचे फोटो काढायला पुढे गेला. लेक आईच्या कानाशी वाकून ओरडली, "आई, दमलीस का?" टकळीने मान वळवली. एक शब्द बोलली नाही. टकळी आणि गप्प? माझा तर विश्वासच बसेना.

तेवढ्यात तिने मला ओळखले. वेल बाजूला सारून तिने माझ्या गंजक्या दांडीवर तळवा ठेवला. लेक माझ्या पलीकडे उभी राहिली आणि स्वतःशीच पुटपुटली, "किती दिवस झाले, धड बोलत नाहीस. माझं काय चुकलं गं? रागावलीस का माझ्यावर?"

"मी कशाला रागावू?" टकळी म्हणाली. "चिडलेली तर तू असतेस."

लेक बघतच राहिली. "तुला ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं येतंय! दिसलं. घरी तू कानाशी येऊन ओरडतेस. मला नुसता गलका कळतो, शब्द एक नाही, आणि तोंड तर दिसतच नाही. मला वाटलं, हिला म्हातारीचा कंटाळा आला. मग आपण तरी कशाला तोंड उघडा?"

"अगं, मग सांगायचं नाही का!" लेकीचे डोळे भरून आले.

"समोर उभी राहून विचारलंस कधी?"

मग काय, टकळी जी सुरू झाली! माझ्या अलीकडे आई, पलीकडे लेक. तिने एकेक खूण करून दाखवली आणि लेकीने ती करून पाहिली. थोड्या वेळाने जावई आईच्या पाठीमागून आला. "चला, ऊन उतरलं!" त्याने हाक मारली. आईला अर्थातच पत्ता नाही. लेकीने गंभीर चेहरा करून ओठांवर मिशी पिळली. मागे वळूनही न बघता टकळी पदराने माझी दांडी घासघासून पुसायला लागली! मग दोघी अशा हसल्या, की पाखरे उडाली. जावई बिचारा विचारतोय, "काय झालं? मला पण सांगा ना!"

मित्रांनो, मला आता तेल नको, रंग नको. एवढेच करा. घरात कोणाला कमी ऐकू येत असेल, तर त्यांच्या कानात ओरडू नका. उजेडात, त्यांच्या समोर येऊन बसा आणि सावकाश बोला. माणूस गप्प झाले म्हणजे रुसलेच, असे धरून चालू नका.

त्या दिवशी ती तिघे परत जाताना मी पाहिले. सपाट वाटेवर जावई बायकोचा खांदा धरून तिला सांभाळत नेत होता आणि लेक आईकडे तोंड करून, उलटी चालत, बोलत होती.