पाय धुवायची जागा

गिरजाबाईच्या नव्या घराला समोरून सागवानी दार होतं, आणि त्या दारानं घरातलं कुणीच येत-जात नव्हतं. आता याला काय म्हणावं? पोटाला चिमटा घेऊन घर बांधायचं, गावात सगळ्यांत देखणं दार बसवायचं, आणि मग आपणच चोरासारखं मागून शिरायचं. नवरा देवाजी शेतातून आला की घराला वळसा घालून मागं जायचा. शेजारीण ताक मागायला यायची तीही मागून. गिरजाबाई तर स्वतःच्याच घरात मोलकरणीसारखी मागच्या दारानं ये-जा करून इतकी वैतागली होती, की कधीकधी तिला वाटायचं, त्या समोरच्या दाराला भिंत घालून टाकावी म्हणजे एकदाचं सुटलो.

हे सगळं सुरेंद्रचं डोकं. पोरगा आरमोरीच्या एका टाइल्सच्या दुकानात कामाला. दिवसभर गिऱ्हाइकांना मोबाइलवर मोठ्या मोठ्या घरांचे फोटो दाखवायचे, आणि संध्याकाळी तेच फोटो घरी आणून आईच्या डोक्याशी कटकट करायची. घराची एन्ट्री म्हणजे घराचा चेहरा, हे वाक्य त्याला दुकानात पाठ झालेलं. गिऱ्हाइकाला ऐकवावं तसं तो ते आईलाही ऐकवायचा. त्या चेहऱ्यापायी जुनी सपरी, म्हणजे दारापुढची पडवी, पाडली. तिच्या कडेला एक चपटा दगड होता आणि पाण्यानं भरलेला रांजण. शेतातून आलेला माणूस त्या दगडावर उभा राहून पाय धुवायचा, पाणी बाजूच्या कोचईच्या वाफ्यात जायचं, आणि कोचईची पानं अशी माजायची की शेजारणी अळूवड्यांसाठी मागून न्यायच्या. दगडाचं काय झालं, तर तो नव्या घराच्या पायात भरला. रांजण मागं गेला.

त्या जागी आली एन्ट्री. म्हणजे दारातच एक छोटी खोली, तिला साईसारख्या रंगाची चकचकीत टाइल. एका भिंतीला आरसा. दुसऱ्या भिंतीला किल्ल्या अडकवायला पितळी खुंट्या. खाली चपलांचं कपाट आणि त्याच कपाटावर बसायला गादी, म्हणजे माणसानं ऐटीत बसून जोडे काढावेत. घरात जोडे एकट्या सुरेंद्रला. बाकीच्यांच्या प्लॅस्टिकच्या चपला, नाहीतर उघडे पाय. गिरजाबाईनं पहिल्याच दिवशी खुंटीला विळा अडकवला, तो संध्याकाळपर्यंत मागच्या कोठ्यात पोचला. देवाजी गादीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागला, तर सुरेंद्रनं त्यालाही गोड बोलून अंगणातल्या खाटेवर नेऊन बसवलं. ओल्या चपला कपाटात ठेवल्या, त्यांना बुरशी धरली, अख्ख्या घराला वास सुटला. मग म्हणे, चपला मागंच काढत जा.

गिरजाबाईनं एकच गोष्ट मागितली होती. दाराशी हातभर जागा पाय धुवायला ठेव, आणि पाणी बाहेर जायला एक मोरी काढ. बाकी तुला काय आरसे लावायचे ते लाव. पण छे. दारात मोरी म्हटल्यावर सुरेंद्रनं असं तोंड केलं, जणू आईनं दारात म्हैस बांधायला सांगितली. तिनं चार वेळा सांगून पाहिलं, एकदा जेवण सोडून पाहिलं, शेवटी हात टेकले. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, लागला तेव्हा तर विचारूच नका. माणसं गुडघ्याएवढ्या चिखलातून येणार आणि समोर साईच्या रंगाची टाइल. गिरजाबाई ती सकाळी पुसायची, दुपारी पुसायची, पुसता पुसता पोराच्या नावानं बोटं मोडायची, आणि शेवटी सगळ्यांनी मागचंच दार धरलं.

तरी हेही तिनं सहन केलं असतं. तिचा जीव अडकला होता दुसरीकडे. तिचा मोठा भाऊ मुखरू सोनूच्या लग्नापासून तिच्या दारात आला नव्हता. सोनू तिची थोरली लेक. तिच्या लग्नात मामाच्या आधी दुसऱ्याच कुणाला मानाच्या पंगतीत बसवलं, आणि मुखरू भरल्या ताटावरून उठला तो तसाच गेला. चूक वाढणाऱ्यांची होती, पण मान मामाचा होता, त्याला तरी काय समजवणार. आई-बाप गेलेले. मुखरू म्हणजेच तिचं माहेर. तो येत नव्हता म्हणजे तिला माहेर नव्हतं, इतकं ते सरळ होतं. आता धाकट्या पुनमचं साक्षगंध, साखरपुडा म्हणा, ठरलं. पोरगा राजुऱ्याकडचा, कोळसा खाणीत कामाला. गिरजाबाई स्वतः भावाच्या घरी जाऊन आली. मुखरू जाळं विणत बसला होता. वर न पाहता म्हणाला, पाहू. त्या एका शब्दावर ती दिवाळीभर जगली. मामा साक्षगंधाला आला तर लग्नाला येईल, पोरीला मांडवात हाताला धरून आणील. नाही आला तर सगळ्या गावासमोर पोर बिनमामाची उभी राहणार, आणि आपलं माहेर कायमचं तुटणार. हाच विचार तिला झोपू देत नव्हता.

साक्षगंधाच्या दिवशी तिनं पहाटेच तांब्याचा लोटा घासून दाराशी ठेवला. आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पायावर पाणी. पाणी येईपर्यंत पाहुणा आत पाऊल टाकत नाही, आणि पाणी आलं नाही तर समजून जातो. हे काय कुणाला शिकवावं लागतं? पण सुरेंद्रनं लोटा उचलून आत फळीवर नेऊन ठेवला. म्हणाला, पाहुणे गाडीनं येणार, त्यांच्या पायांना काय लागलंय, दारात पायपुसणं आहे, आणि पाण्याच्या थंडगार बाटल्या आणल्यात. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून गिरजाबाईनं जीभ चावली आणि मागं चुलीकडे गेली.

पाहुणे आले. दारात थोडं थांबून, मग पायपुसण्यावर पाय घासून आत गेले. सोफ्यावर रांगेनं बसले. मुलाचा बाप झाडूभाऊ, पांढऱ्या टोपीचा, धिप्पाड माणूस. तो बाटली हातात धरून बसला ती उघडलीही नाही. बोलणं म्हणाल तर हो आणि नाही. गिरजाबाईनं दाराआडून पाहिलं. पोरगी पसंत करून गेलेली माणसं अशी तोंडं शिवून का बसलीत? पण चुलीवर भाताला कढ आला होता, ती परत वळली.

ती भात वेळत असताना देवाजी मागच्या दारात येऊन उभा राहिला. उभा राहिला तो राहिलाच. या माणसाच्या तोंडून गोष्ट काढायची म्हणजे विहिरीतून बादली ओढण्यापेक्षा जास्त ताकद लागायची. दोनदा विचारल्यावर म्हणाला, "मुखरू आला होता. गेला."

गिरजाबाईनं पळी टाकली आणि खोदून खोदून विचारलं. मग देवाजीनं थोडं थोडं करून सांगितलं. मुखरू सकाळी तलावात उतरला होता, भाचीसाठी चांगला हातभर मरळ मासा धरला, आणि साक्षगंध चुकू नये म्हणून तलावाच्या पाळीवरून तसाच निघून आला. पोटऱ्यांपर्यंत काळा गाळ. हातातल्या ओल्या पोत्यातून पाणी गळत होतं. सुरेंद्रनं त्याला दारातून पाहिलं. आत पाहुणे, खाली टाइल. तो दोन्ही हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाला की मामाजी, मागून या, मागं नळ आहे. मुखरू दारातूनच वळला. मग पोतं देवाजीच्या खाटेजवळ ठेवलं आणि चालू लागला.

"आन् तुमी पाहत राह्यले?" गिरजाबाईनं विचारलं.

देवाजी म्हणाला, मी बोलणारच होतो. बोलणारच होता म्हणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण या बाप-लेकांशी भांडत बसायला वेळ कुठं होता. तिनं फळीवरचा लोटा ओढला, नळाखाली भरला, आणि नव्या लुगड्याचा पदर खोचून निघाली. लोटा हातात घेऊन भर दुपारी विहीणबाई रस्त्यानं धावतेय, हे पाहून बाया दारात आल्या. पाहू द्या. तिला त्या घडीला कुणाचीच लाज वाटत नव्हती.

मुखरू एसटीच्या थांब्याच्या ओट्यावर बसला होता. पायावरचा गाळ उन्हानं वाळून पांढरा पडला होता. तिला पाहून त्यानं तोंड फिरवलं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, आणि धाप लागलेली असल्यानं तिला आधी बोलताच येईना. शेवटी म्हणाली की पोराला अक्कल नाही, त्याचं काय मनावर घेतोस.

"त्याले नसन अक्कल," मुखरू म्हणाला, "तुले होती ना, गिरजे? दारात पाय धुवाले जागाच नाई ठेवली. चिखलाच्या मानसानं येवाच नाई म्हणून ठेवली नाई, असंच समजाव का आमी?"

गिरजाबाईला वाटलं होतं, ती रागावेल, भांडेल, टाइल, आरसा, जेवण सोडलं होतं ते, सगळं सांगेल. पण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. खरंच तर होतं. बाहेरून पाहणाऱ्याला तिचं भांडण थोडंच दिसणार होतं, त्याला दारच दिसणार. ती खाली बसली आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, भावाच्या पायावर पाणी ओतू लागली. मुखरूनं आधी पाय मागं घेतले. मग राहू दिले. वाळलेला गाळ सुटत नव्हता, तिनं तो हातानं चोळून काढला. एसटी आली आणि गेली, भाऊ उठला नाही.

"चाल," तो म्हणाला. "पन मागच्या दारानं मी येनार नाई."

रस्ता धुळीचा. ओल्या पायांना धूळ अशी चिकटली की घर येईपर्यंत मुखरूचे पाय आधीपेक्षा घाण झाले. गिरजाबाईनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. धुवून आणलेला भाऊ पुन्हा चिखलाचाच. दारात सुरेंद्र उभा होता, चेहरा उतरलेला. बापानं त्याला काहीतरी ऐकवलं असावं. देवाजी बोलला असेल यावर मात्र तिचा विश्वास बसेना.

तिनं रिकामा लोटा पोराच्या हातात दिला. "भरून आन," ती म्हणाली. "इथीच, समोरच्या दारात. मामाच्या पायावर तू पानी टाक."

सुरेंद्रनं एकदा टाइलकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि गेला. बादलीच भरून आणली. मुखरू साईच्या रंगाच्या टाइलवर उभा राहिला आणि भाचा वाकून त्याचे पाय धुवू लागला. आता मोरी नाही म्हटल्यावर पाणी जाणार कुठं? ते काळं पाणी पायपुसणं भिजवून सरळ आत निघालं, दिवाणखान्यात, सोफ्याकडे. पाहुण्यांनी पटापट पाय वर घेतले. पुनम आतल्या दारात तोंडावर हात धरून उभी. गिरजाबाईनं मनात म्हटलं, संपलं. भाऊ आला आणि सोयरीक गेली.

झाडूभाऊ मात्र पाय खाली सोडून तसाच बसला होता. पाणी त्याच्या बोटांपर्यंत आलं. तो उठला, धोतर वर खोचलं आणि त्या पाण्यातून चपचप करत दारापर्यंत आला. कुणाला काही कळेना.

"सकाळपासून इचार करून राह्यलो," तो म्हणाला, "का आमचं काय चुकलं. दारात उभे राह्यलो, तर पानी कोनी आनलंच नाई. आमाले वाटलं, सोयरीक मोडाची हाये तुमाले, तोंडानं सांगाले जमून नाई राह्यलं."

सुरेंद्र लोटा हातात धरून खाली मान घालून उभा होता. लाजेनं त्याचे कान लाल झाले होते. तो लोटा मुखरूनं त्याच्या हातून काढून घेतला. बादलीत बुडवला. स्वतःचे पाय अजून अर्धेच धुतलेले होते, पण तो तसाच झाडूभाऊसमोर वाकला.

"मी पोरीचा मामा," तो म्हणाला. "पाय समोर करा, भाऊ."