व्हॉल्व्हची मान

पांढरकवड्याला हायवेवर माझं टायरचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं हेच काम करतो. साधना, माझी बायको, गेली त्याला पाच महिने झाले.

ती गेली राजदीपच्या गाडीत. राजदीप तिच्या बहिणीचा मुलगा. तो लहान असतानाच त्याची आई वारली, त्याला आजीनं वाढवलं. ती आजी म्हणजे माझी सासू, मथुराबाई. बाभुळगावला लग्न होतं म्हणून साधना त्याच्यासोबत निघाली. यवतमाळच्या रस्त्यावर गाडीनं मागून झोकांडी खाल्ली आणि ती पुलाच्या कठड्यावर गेली. राजदीप सांगत राहिला की मागच्या चाकाची हवा गेली. पण नंतर लोकांनी त्याच चाकात हवा भरून पाहिली तर ती टिकली. मग सगळ्यांनी ठरवलं, पोरगा जोरात चालवत होता.

साधनाच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीसाठी सगळे जमले त्या दिवशी, सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माही पोरगी खाल्ली तू. माह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको."

मी तिथंच बसलो होतो. काही बोललो नाही. तेव्हापासून राजदीप लोहाऱ्याला खोली करून राहतो.

परवा दुपारी तो ते चाक घेऊन आला. "मावसाजी, एकदा पाहून द्या," एवढंच म्हणाला.

डोंगरसिंग ट्रकवाला आधीचा बसला होता. "उकंडाभाऊ, माह्या ट्रकचे चार चाकं थांबून हायेत, हा एका चाकाचा मानूस मधात कुठून घुसला?"

"घरचा आहे."

"मंग तर सगळ्यात शेवटी! घरच्याले कोनी विचारते का?"

मी चाकात हवा भरली, पाण्याच्या टाक्यात घातलं, हळूहळू फिरवलं. टायरला खिळा नाही. रिमच्या कडेला बुडबुडा नाही. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावली, फुगा आला नाही.

"टिकते," डोंगरसिंग म्हणाला. राजदीपनं मान खाली घातली.

एक काम राहिलं होतं. ते मला माहीत होतं. मी व्हॉल्व्हची रबरी मान पाण्यात दोन बोटांनी धरली आणि वाकवली. बुडाशी बारीक बुडबुडे सुटले. सोडली, बंद. पुन्हा वाकवली, पुन्हा सुटले. बुडाशी चीर होती. गाडी उभी असली की ती मिटते. जोरात चाक फिरलं की मान बाहेर झुकते, चीर उघडते.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो," राजदीप म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पन मावसाजी, त्या दिवशी चाक तुमीच पाह्यलं होतं ना?"

मीच पाहिलं होतं. रोज दहा पॉइंट हवा कमी होते म्हणून तो सकाळी दुकानात आला होता. गिऱ्हाइकाचं चाक असतं तर मी टाक्यात घातलं असतं, मान वाकवली असती. त्या दिवशी दोन ट्रक उभे होते. मी फक्त थुंकी लावून पाहिली. थुंकीनं आतल्या पिनेची गळती कळते, मानेची कळत नाही. साधना गाडीतून ओरडली, "अजी, तिकडं लग्न लागून जाईन अन् तुमी चाकच चाटत बसान!" मी हसलो, हवा भरली, म्हणालो, "जा, काही होत नाही." चाक टिकलं असं लोक म्हणाले तेव्हा मला बरं वाटलं होतं. पाच महिने मी त्या पोराच्या दोषाआड लपून बसलो होतो.

"कायले गप राह्यले?" त्यानं विचारलं.

मी हात पुसले आणि त्याच्यासमोरच सासूबाईंना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. सगळं सांगितलं. चाक कसं पाहिलं, काय राहिलं, कुणामुळे राहिलं. डोंगरसिंग उठून बाहेर ट्रकापाशी गेला.

मग त्या म्हणाल्या, "राजदीप हाये का तिथं?"

"आहे."

"त्याले पाठवून द्या. भाकरी टाकतो म्हना." आणि मला म्हणाल्या, "जावाई, तुमी नका येऊ."

फोन बंद झाला. मी जुना व्हॉल्व्ह काढला, नवा बसवला, हवा भरली. राजदीप उभाच होता.

"मावसाजी, मी समजावतो आजीले."

"काही समजावू नको," मी म्हणालो. "जेवायले जाय."