घाटात रडणारी गाडी

हेमराजला एखादी वस्तू घ्यायची असली की ती घेण्यापेक्षा तिचा अभ्यास करण्यातच त्याचा जीव जास्त रमायचा. मिक्सर घ्यायचं ठरलं तेव्हा त्याने तळोद्यातली सगळी दुकानं पालथी घातली, प्रत्येकाचा आवाज ऐकला, विजेचा हिशेब मांडला, आणि तोवर ममता पाट्यावर चटणी वाटून मोकळी झाली. गणिताचा मास्तर, दुसरं काय!

त्यामुळे जुनी गाडी ऑइल पिऊ लागली, मागून निळा धूर सोडू लागली, आणि मेकॅनिकने बॉनेट खाली आपटत "सर, इंजिन गयं" असं सांगून टाकलं, तेव्हा दुसरी गाडी दारात यायला किती काळ लागणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळे म्हणजे ममताच. मुलगी काजल लग्न होऊन पुण्याला गेलेली.

या वेळी मात्र हेमराजने बरीच मजल मारली. रोज जेवण झाल्यावर मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून त्याने एक मॉडेल पक्कं केलं. जुनीच घ्यायची, डिझेलच घ्यायची, इथवर गाडी आली आणि तिथे अडली. कारण त्या एकाच मॉडेलला कंपनीने दोन इंजिनं दिली होती. एक बाराशे सीसीचं, तीन सिलिंडरचं: थोडं थरथरणारं, पण डिझेल जपून पिणारं. दुसरं सोळाशेचं, चार सिलिंडरचं: तब्येतीने भक्कम, खायला-प्यायलाही तसंच. सपाटीवर दोन्ही सारखीच पळत. फरक पडणार होता तो देवगोईच्या घाटात, आणि घाटात फरक पडणार तो गाडीत किती माणसं बसतात त्यावर.

हा घाट त्या दोघांच्या संसारात घरच्या माणसासारखा होता. दोघंही शिक्षक, दोघांच्याही शाळा मोलगीच्या बाजूला, त्याची गावात आणि तिची पुढच्या पाड्यावर. तळोद्याहून निघायचं, अक्कलकुवा मागे टाकायचं, घाट चढायचा, संध्याकाळी तोच उतरायचा. इतकी वर्षं अपडाऊन केलं, आणि इतकी वर्षं घाटातल्या एकाच वळणावर एकच भांडण केलं. त्या वळणावर रस्ता एकदम उभा होतो. जुनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हू लागायची. गिअर खाली घेतला की डिझेल जास्त जातं, म्हणून हेमराज तसाच रेटत राहायचा. ममताचं माहेर सारंगखेड्याचं. वडिलांच्या ट्रॅक्टरवर बसून लहानाची मोठी झालेली बाई ती. इंजिनाचं दुखलं-खुपलं तिला आधी कळायचं.

"दुसरा टाका, रडी ऱ्हायनी ती," ती म्हणायची.

"जराखं राहिनं. तिसरामाच चढी जाई."

"टाका म्हनस ना!"

मग तो चडफडत दुसरा गिअर टाकायचा, गाडी हायसं वाटल्यासारखी वर चढायची, आणि ममता विजयी मुद्रेने खिडकीबाहेर बघायची. शाळा असेल त्या दिवशी हे नाटक ठरलेलं. त्यात कोणी हरत नव्हतं.

दिवाळीनंतर ममताची डावी सीट रिकामी झाली. पोटात दुखतं म्हणून आधी नंदुरबार, तिथून सुरत. गाठ निघाली, ती वाईटच निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, केस गेले. ममताने डोक्याला रुमाल बांधला आणि येईल त्याला सांगत राहिली, जूनमध्ये शाळा उघडली की मी हजर. होळीच्या सुमारास सुरतेच्या डॉक्टरांनी हेमराजला एकट्याला बाहेर बोलावलं आणि औषधं लागू पडत नाहीत, पावसाळा निघणं कठीण आहे, असं सांगितलं. आत येऊन हेमराज ममताला म्हणाला, डॉक्टर खूश आहेत, फक्त आराम करा म्हणाले. आयुष्यात इतकं मोठं खोटं तो पहिल्यांदा बोलला होता, आणि ते पचलं याचंच त्याला रडू येत होतं.

शहाद्याला सलाउद्दीनचा जुन्या गाड्यांचा व्यवसाय. शब्दाला जागणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत नाव. त्याच्याकडे त्या मॉडेलच्या दोन्ही गाड्या आल्यात असा निरोप आला, तेव्हा ममता म्हणाली, मीही येते. हेमराजने ऊन, बसचे धक्के, सगळी कारणं सांगून पाहिली. ती ऐकेना. रोज ज्या गाडीत बसायचं ती मी बघायला नको का, असा तिचा बिनतोड सवाल होता.

पत्र्याच्या शेडखाली दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पांढरी लहान इंजिनाची, दुसरी करडी मोठ्या इंजिनाची. सलाउद्दीनने ममताला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला, आणि दोन्ही गाड्या सुरू करून दाखवल्या. हेमराजने टायर बघितले, चॅसी बघितली, ऑइलची कांडी काढून पुसून पुन्हा बघितली. प्रश्नांची सरबत्ती सुरू होती. शेवटी सलाउद्दीनच हसला.

"सर, दोन्ही गाड्या मी सोता चालाई देखेल शेतस. दोन्ही चांगल्या. तुम्हीन फक्त इतलं सांगा, रोजना अपडाऊनले गाडीमा कितला मानसं बसतीन? मंग मी सांगस कोनती लेवानी."

हेमराजचं डोकं आकड्यांत होतं. कितीतरी दिवस मनात घोळलेला हिशेब तयार होता आणि त्याचं उत्तरही तयार होतं.

"एकच," तो म्हणाला. "मी एकलाच."

"मंग मोठं इंजिन कसाले? एक मानूसले लहानी भरपूर व्हई."

आपण काय बोललो ते हेमराजला तेव्हा कळलं. त्याने वळून बघितलं. ममता पंख्याच्या वाऱ्यात डोक्यावरचा रुमाल एका हाताने धरून बसली होती आणि त्याच्याकडेच बघत होती. "म्हनजे सध्या," तो घाईने म्हणाला, "सध्या एकलाच." पण तोंडातून गेलेला शब्द गेला होता. ममता उठली, पांढऱ्या गाडीच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरी शे." सौदा नंतर करू, असं सलाउद्दीनला सांगून दोघं निघाली.

स्टँडवर तळोद्याच्या गाडीला वेळ होता. सिमेंटच्या बाकावर दोघं बसली. समोर बायका भाजीच्या टोपल्या गाडीवर चढवत होत्या, कंडक्टर ओरडत होता. हेमराजने उसाचा रस आणला. ममताने ग्लास हातात धरून ठेवला.

"सुरतना डॉक्टर तुम्हले बाहेर लई जाईसन काय म्हनना व्हता?"

"काई नई. आराम करा म्हनना."

"तुमना हिसाब कधी चुकस का?" ती अगदी हळू म्हणाली. "आज बी चुकना नई. जूनमा मी शाळामा जावाव नई. आसंच ना?"

हेमराजला नाही म्हणायचं होतं. पण भर स्टँडवर, माजी विद्यार्थी ये-जा करतात अशा ठिकाणी, पन्नाशीतला हा मास्तर तोंडाला रुमाल लावून हमसून हमसून रडला. ममता रडली नाही. त्याची पाठ थोपटत ती म्हणाली, "लहानीच ल्या. सलाउद्दीनभाई खोटं नई बोलना." आणि मग तिने तो रस संपवला, कारण तो त्याने आणला होता.

दोन दिवसांनी हेमराज एकटाच शहाद्याला गेला आणि करडी, मोठ्या इंजिनाची गाडी घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हिशेबाच्या विरुद्ध वस्तू घेतली होती. दारात नारळ फोडायला ताट घेऊन आलेली ममता गाडी बघून तिथेच थांबली.

"हाई काब्र लिधी?"

"दोन जनले लहानी पुराव नई," हेमराज म्हणाला.

तिने बॉनेटला कुंकू लावलं आणि नारळ फोडला. मग ती आत गेली आणि बराच वेळ नळाखाली ताटच धूत राहिली.

जून उजाडला. शाळा उघडल्या. एका सकाळी ममता स्वतःहून लवकर उठली, ठेवणीतली साडी नेसली आणि म्हणाली, "आज बरं वाटी ऱ्हायनं. शाळामा जाऊत." हेमराजने डाव्या सीटवर उशी ठेवली, सीट मागे कलती केली, पाण्याची बाटली हाताशी ठेवली. अक्कलकुवा सुटेपर्यंत ती दमली होती, पण डोळे मात्र लकाकत होते. कुठला पळस, कुठली टपरी, कुठे एकदा टायर फुटला होता, सगळं तिला आठवत होतं. हेमराजच्या मनात येऊन गेलं की डॉक्टरही माणूसच, चुकतही असेल.

घाट लागला. ते वळण आलं. रस्ता उभा झाला. ममता सावरून बसली, मान किंचित तिरपी केली, इंजिनाकडे कान दिला आणि बोलायला तोंड उघडलं.

गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये, आवाजही न वाढवता, सरळ वर चढून गेली.

वळण मागे गेलं तेव्हा ममता स्वतःशीच हसली.

"हाई गाडीले मन्ही काई गरज नई," ती म्हणाली.

ती सहज म्हणाली होती, त्यात टोमणा नव्हता. पण हेमराजला ते लागलं. तिला आराम मिळावा म्हणून आणलेल्या गाडीने तिचं रोजचं एक वाक्य तिच्या तोंडून काढून घेतलं होतं. मुद्दाम गाडी थांबवावी, मागे घ्यावी, चौथ्यात टाकून रडवावी, असं त्याला वाटलं. पण मागे जीप होती, आणि तो तसं करणारा माणूस नव्हता. पाड्यावरच्या शाळेत पोरं तिच्याभोवती गोळा झाली. एका पोरीने तिच्या रुमालाला हात लावून बघितला. ममता तासभर खुर्चीवर बसून पाढे ऐकत राहिली. उतरताना ती सगळा घाट झोपलेली होती.

श्रावणात ती गेली. काजल आली, दिवसकार्य आणि गंधमुक्ती झाली, काजल परत गेली. हेमराज शाळेला लागला. मोठं इंजिन रोज निमूटपणे घाट चढायचं. त्या वळणावर ना कण्हणं, ना भांडण. डाव्या सीटवरची उशी त्याने काढली नव्हती. लोक म्हणायचे, सर, गाडी झकास आहे. झकासच होती. घाटातली ती शांतता मात्र त्याला दिवसेंदिवस सोसवेना. रडायला त्याला घर होतं, पण घरात रडू येत नव्हतं.

दसऱ्याच्या आधी तो शहाद्याला सलाउद्दीनच्या शेडमध्ये गेला. पांढरी गाडी अजून तिथेच होती. तिची थरथर बघून गिऱ्हाइकं परत गेली होती.

"हाई ल्या आनि ती द्या," हेमराज म्हणाला.

सलाउद्दीन चक्रावला. "सर, लोके लहानी देतस आनि मोठी लेतस. तुम्हीन उलटं करी ऱ्हायनात. काब्र, मायलेज देत नई का?"

"हा," हेमराज म्हणाला. "मायलेज."

सलाउद्दीनला ममताची बातमी लागलेली होती. त्याने हेमराजकडे एकदा बघितलं आणि करड्या गाडीतली उशी स्वतः काढून पांढऱ्या गाडीच्या डाव्या सीटवर नीट ठेवली.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. रस्त्याच्या कडेला बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. हेमराज कुठेच थांबला नाही. ते वळण आलं. त्याने गिअर तिसराच ठेवला. चढण सुरू झाली तशी गाडी थरथरली, दाराच्या काचा वाजू लागल्या, आणि मग तो आवाज आला. जुन्या गाडीसारखा अगदी नव्हे, पण त्याच्या जवळचा. गाडी रडत होती. हेमराजचा हात गिअरवर होता आणि कान डावीकडे. त्याने वाट बघितली. वेग पडत गेला. मागच्या जीपने हॉर्न दिला, पुन्हा दिला. त्याने अजून वाट बघितली. शेवटी गाडीने एक मोठा गचका खाल्ला आणि ती बंद पडली.

जीप बाजूने निघून गेली. मागे लटकलेली माणसं वळून वळून बघत होती. हेमराजने हँडब्रेक ओढला. घाटात आता कसलाच आवाज नव्हता. तिचा आवाज कुठून येणार, हे त्याला आधीच कळायला हवं होतं. गाडीत किती माणसं, याचं उत्तर तर त्याने स्वतःच दिलं होतं, पत्र्याच्या शेडखाली, तिच्यासमोर.

त्याने गाडी सुरू केली, पहिल्यात टाकून हलवली. पहिल्या गिअरमध्ये इंजिन केकाटू लागलं.

"दुसरा टाका, रडी ऱ्हायनी ती," तो मोठ्याने म्हणाला.

आवाज त्याचाच होता, घोगरा आणि फाटलेला. त्याने दुसरा गिअर टाकला. गाडी वर चढू लागली, आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून हेमराज वळण संपेपर्यंत रडत राहिला.