उत्तर न आलेली नावं

तपासणी येणार म्हटलं की कुठल्याही सरकारी कार्यालयात काय होतं, ते तुम्हाआम्हाला ठाऊकच आहे. फायली नीट लागतात, भिंतीवरचे जुने कागद उतरतात, आकडेसुद्धा शहाण्यासारखे वागू लागतात. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका आरोग्य कार्यालयात त्या मार्चमध्ये हेच चाललं होतं.

तिथले उपप्रमुख मॅलकी टूही मात्र निर्धास्त होते. त्यांच्याकडे दोन प्रतीक्षायाद्या होत्या. एक वेडेवाकडे दात सरळ करून घ्यायला थांबलेल्यांची, दुसरी मनाच्या आजारावर उपचार मागणाऱ्यांची. वर्षभरात दोन्ही निम्म्यावर आल्या होत्या. युक्ती साधी होती. प्रत्येकाला पत्र गेलं, 'आपल्याला अजून उपचार हवे आहेत का? चौदा दिवसांत फोन करून कळवावे.' जो कळवणार नाही, त्याचं नाव कमी. सगळं नियमात बसणारं. राजधानी डब्लिनहून शाबासकीही आली होती.

तपासायला आल्या अट्रॅक्टा गिल्हूली. तीस वर्षं मनोरुग्णांची सेवा केलेल्या परिचारिका, आता सरकारी तपासनीस. त्यांनी आकड्यांचा कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"छान. आता गेलेल्यांची नावं द्या."

"म्हणजे बरे झालेल्यांची?"

"काढून टाकलेल्यांची. आधी तरुण मुलांची."

मॅलकी हसले. "अहो, त्यांनी उत्तरच दिलं नाही. गरज असती तर माणसाने फोन नसता का केला?"

"चला, विचारूनच येऊ. गाडी तुमची काढा. माझ्या गाडीत कुत्र्याचे केस आहेत."

पहिलं घर जॅसिंटाचं. ती मासळीच्या कारखान्यात कामाला होती. दार उघडून तिने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दोन वर्षं वाट पाहिली तेव्हा कुणी नाही. आता आलात ते जोडीने! या, चहा टाकते."

"नको, नको, त्रास कशाला," मॅलकी म्हणाले.

तिची सोळा वर्षांची मुलगी ब्रोना जिन्यावरून उतरली ती तोंडावर हात धरूनच. वरचे दात इतके पुढे आलेले, की ओठ मिटत नसत. शाळेत मुलं तिला पाहून खिंकाळायची. आधी तिने वर्गात बोलणं सोडलं, मग शाळा सोडली, मग घराबाहेर पडणंच. तिचं नाव दोन्ही याद्यांत होतं.

"आमचं पत्र आलं नव्हतं का?" मॅलकींनी विचारलं.

"कसलं पत्र?" जॅसिंटा म्हणाली.

"आलं होतं, आई." ब्रोना हाताआडून पुटपुटली. "माझ्या नावाने. फोन करा म्हणून लिहिलं होतं. केला मी. दोनदा. पलीकडून एक माणूस 'हॅलो, कोण बोलतंय?' म्हणत राहिला. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मग तो म्हणाला, 'पोरांनो, तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का रे?' आणि ठेवून दिला."

मॅलकी खिडकीकडे पाहत राहिले.

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवलीच नाही. "अट्रॅक्टा, तो माणूस मी. जेवणाच्या सुट्टीत फोन मीच घ्यायचो."

"मला वाटलंच."

"दोन फोन तिचे. पण त्या दिवसांत असे मुके फोन मला वीसेक तरी आले होते! बाकीचे कुणाचे?"

अट्रॅक्टा शांतपणे म्हणाल्या, "ज्याला लोकांशी बोलणं जमत नाही म्हणून तो यादीत आला, त्यालाच तुम्ही सांगितलंत, बोलून दाखव, नाहीतर नाव काढतो. तुम्ही दुष्ट नाही, मॅलकी. तुम्ही फक्त आकडा पाहिलात. आणि आमच्या तपासणीनेही वर्षानुवर्षं तेवढाच पाहिला."

पुढचे आठ दिवस दोघं दारोदार हिंडले. कुणी खासगी दवाखान्यात दात सरळ करून घेतले होते, कुणी कॅनडाला गेलं होतं. मग मनाच्या आजाराच्या यादीतल्या एका तरुणाचं, डोंगरउतारावरचं घर आलं. दारात एक वयस्क शेतकरी उभा होता.

"लॉर्कन आहे का?"

"लॉर्कन जानेवारीत गेला."

"कुठे?" मॅलकी विचारून बसले आणि त्याच क्षणी त्यांना कळलं.

म्हातारा रागावला नाही. आत जाऊन त्याने पत्र आणलं. "याच्यामागे तो काहीतरी लिहायला बसला होता." कोऱ्या बाजूवर तीनच शब्द होते, 'हो, मला अजून'.

"पत्रामुळे गेला, असं कुणी म्हणू शकत नाही," परतताना अट्रॅक्टा म्हणाल्या. जरा थांबून पुढे म्हणाल्या, "पत्राचा काही संबंध नाही, असंही कुणी म्हणू शकत नाही."

त्यानंतर मॅलकींच्या हाताला एक सवय लागली. टेबलावर आलेला प्रत्येक कागद ते उलटून पाहत. बिल असो, सुट्टीचा अर्ज असो, मागे काही लिहिलंय का? बैठक चालू असताना मध्येच त्यांना कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा, फोनच्या पलीकडून यावा तसा. शेजारी विचारत, "बरं नाही का?" ते मान हलवत.

मे महिन्यात डब्लिनला समितीसमोर त्यांना यशाची कहाणी सांगायला बोलावलं होतं. मॅलकी उभे राहिले आणि म्हणाले, "यादी लहान झाली नाही. मी माणसं पुसली! ती सगळी नावं मी आजपासून परत लिहितोय."

याद्या रातोरात फुगल्या. वर्तमानपत्रांनी झोडपलं, मॅलकींची होऊ घातलेली बढती गेली. पण नियम बदलला. आता प्रत्यक्ष भेटल्याशिवाय त्या जिल्ह्यात कुणाचंही नाव निघत नाही. आणि काढलेल्या दर दहा नावांमागे एका घरी तपासनीस स्वतः जातात.

उपचारांसाठी ब्रोनाचा नंबर लागल्याचं सांगायला मॅलकी तिच्या घरी गेले. कबुली द्यायची होती. "फोनवरचा तो माणूस..."

"तुम्ही. ठाऊक आहे मला." तिने तोंडावरचा हात खाली घेतला. "पहिल्या दिवशी चहा नको म्हणालात ना, तेव्हाच आवाज ओळखला. म्हणून तर सांगितलं."

वाचकहो, जो गप्प आहे त्याला गरज नाही, असं समजायचा अधिकार ना सरकारला आहे, ना शेजाऱ्याला, ना घरच्यांना. देखरेख ठेवायची ती कागदावरच्या घटत्या आकड्यांवर नव्हे, तर त्यातून निसटलेल्या माणसांवर! कुणाचं उत्तर आलं नाही, तर त्याचं नाव खोडू नका. उठा, आणि त्याच्या दाराशी जा.