पहिल्या तासाचं गणित

जळकोटजवळच्या जिल्हा परिषद शाळेत उमादेवी मॅडम सातवीला शिकवायच्या. दिवाळीनंतर त्यांनी पाच-पाच मुलांचे गट केले आणि चर्चा करायला सांगितलं. पहिला आठवडा नुसता गोंगाट झाला. एकच पोरगं बोलायचं, बाकीचे वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढायचे. सोमेशच्या गटात तर प्रश्नही सोमेशचाच आणि उत्तरही सोमेशचंच.

मग मॅडमनी नियम घातला. बोलायच्या आधी आपल्याआधी बोललेल्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. त्यानं ‘बरोबर’ म्हटलं तरच पुढं बोलायचं. सोमेशला पहिल्याच दिवशी चारदा ऐकावं लागलं, “असं न्हाई म्हणलो मी.” तो चिडला, रुसला. पण महिनाभरात वर्गातले आवाज खाली आले.

जानेवारीत मुख्याध्यापक साहेबराव सरांनी मुलांपुढंच प्रश्न ठेवला : रोज आठ-दहा जण उशिरा येतात, काय करायचं? मॅडम सोमेशच्या गटामागं जाऊन उभ्या राहिल्या.

“लवकर उठावं,” सोमेश म्हणाला. “आपण येतोच की येळेवर.”

ऋतुजा वाडीवरून यायची, रोज उशिरा. ती म्हणाली, “तू म्हणतोस, आम्ही उशिरा उठतो म्हणून उशीर होतो.”

“बरोबर.”

“मी पाचला उठते. पाणी भरते, भाकरी करते. पण जीप भरल्याशिवाय सुटत न्हाई.”

आता पाळी सोमेशची. “ऋतुजा म्हणती, ती पाचला उठती...” तो थांबला. “म्हंजे माझ्या लई आधी. अन् जीप भरेस्तोवर बसून राहती.”

“बरोबर.”

“मग माझं चुकलं. उठायचा प्रश्नच न्हाई हा.”

मॅडमना त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. त्यांनी हात मागं बांधून घेतले.

“उशीर झाला की तुझं बुडतं काय?” ऋतुजाशेजारी बसलेल्या अक्षरानं विचारलं.

“गणित. रोज पहिला तास गणिताचाच हाय.”

पाचही जण भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं वळले.

थोड्या वेळानं गट मॅडमसोबत ऑफिसात गेला. “काय शिक्षा ठरवली?” सरांनी विचारलं.

“शिक्षा न्हाई ठरवली, सर,” ऋतुजा म्हणाली. “पहिल्या तासाला वाचन घ्या, गणित तिसऱ्याला. जीप आमच्या हातात न्हाई, वेळापत्रक तुमच्या हातात हाय.”

सरांनी टेबलावरचं वेळापत्रक ओढून पहिल्या आणि तिसऱ्या तासावर बोट ठेवलं. मग मॅडमकडं वळले. “हे तुम्ही सुचवलं?”

“न्हाई सर. मी तोंडसुद्धा उघडलं न्हाई,” मॅडम म्हणाल्या.

सोमवारपासून गणित तिसऱ्या तासाला गेलं. जीप अजून उशिराच येते.

गट ऑफिसात गेला त्याच संध्याकाळी मॅडमनी उदगीरला वडिलांना फोन लावला होता. मन्मथआप्पा स्वतः तीस वर्षं शिक्षक होते.

“आप्पा, पोरगं सगळ्यांदेखत म्हणलं, माझं चुकलं.”

“अन् कुणी हसलं न्हाई?”

“कुणी न्हाई, आप्पा. एकपण न्हाई.”