ठेंगणीचे ब्रेक

चष्मेवाल्या जावयाला सासूची भीती वाटायची, हे त्याच्या बायकोला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या या माणसाच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तो सासूशी जे काही बोलला होता ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि खाली सही करायला जागाही उरली असती.

सासू तशी वाईट नव्हती. प्रसूतिगृहात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेली परिचारिका. आवाज खणखणीत, पाठ ताठ, आणि नजर अशी की समोरच्याला उगाचच वाटावं आपण हात धुतलेले नाहीत. तिच्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्स कार होती, दोनच माणसं बसतील अशी. एका डॉक्टरने हौसेने घेतलेली आणि हौस फिटल्यावर तिला विकलेली. गाडी इतकी बुटकी, की शेजारचा कुत्रा टपावरून पलीकडे बघू शकायचा. सासू तिला ठेंगणी म्हणायची. ठेंगणीचं ऑइल, प्लग, फिल्टर, पट्टा, सगळं ती स्वतः बदलायची. कुणी गॅरेजचं नाव काढलं की म्हणायची, "अडलेली बाई दुसऱ्याच्या हाती सोपवून मी कधी घरी गेले नाही. ही तर माझी स्वतःची."

एक काम मात्र तिला एकटीने जमत नसे. दर दोन वर्षांनी ब्रेकचं जुनं ऑइल काढून नवं भरायचं, आणि नळ्यांत हवेचा एक बुडबुडा राहू द्यायचा नाही. त्याला एक माणूस चाकाशी लागतो आणि एक आत पेडलवर. पेडलवर आजवर शेजारचे पोस्टमन बसायचे. त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं.

"तू जा," रविवारी सकाळी बायको म्हणाली.

"मी?"

"नाही, भिंतीला सांगतेय. अरे, पाय दाबायचा आणि सोडायचा. तेवढंच."

"मग तूच जा ना."

"मी आणि आई एका गॅरेजमध्ये? तासाभरात दोघींतली एकच बाहेर येईल."

तेव्हा चष्मेवाला गेला. घरामागच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये ठेंगणी चार लोखंडी घोड्यांवर उभी होती, चाकं काढून भिंतीला टेकवलेली. शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये स्वच्छ फडक्यावर नट खोलायचे पाने ओळीने मांडले होते. सासूच्या हातात सलाइनची पारदर्शक नळी होती आणि काचेची बरणी.

"या जावईबापू," ती म्हणाली. "बूट काढून बसा. पायाला पेडल कळलं पाहिजे."

तो मोज्यांवर आत शिरला, म्हणजे जवळजवळ आडवा झाला. सासू मागच्या चाकाच्या जागी मांडी घालून बसली. तिने नळीचं एक टोक ब्रेकच्या बारक्या स्क्रूवर चढवलं, दुसरं बरणीतल्या तेलात बुडवलं.

"नीट ऐका. 'दाबा' म्हटलं की दाबायचं. मी स्क्रू उघडला की पेडल खाली जाईल, जाऊ द्या. मी स्क्रू बंद करून 'सोडा' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. आभाळ कोसळलं तरी."

"हो."

"मधेच उचललात तर हवा आत जाईल आणि सगळं मुसळ केरात. दाबा."

त्याने दाबलं. पेडल सावकाश खाली गेलं. नळीतून काळ्या चहासारखं तेल बरणीत उतरलं.

"छान. धरून ठेवा, धरून ठेवा... आता सोडा. श्वास घ्या. हं, पुन्हा."

चार-पाच दाबांनंतर त्याच्या लक्षात आलं की ती त्याच्याशी बाळंतिणीसारखी बोलतेय. त्याला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. दर आठ-दहा दाबांनी ती उठायची, बॉनेटखालच्या छोट्या टाकीत नवं तेल ओतायची आणि परत येऊन बसायची. नळीतलं तेल मधासारखं स्वच्छ झालं की एक चाक पुरं.

दोन चाकं झाली. तिसऱ्याला सासू गप्पांत आली. कुठल्याशा जुळ्यांची गोष्ट सांगू लागली. पहिलं आलं, सगळ्यांनी पेढे वाटल्यासारखे चेहरे केले, आणि दुसरं आत आहे हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. "दाबा. तर डॉक्टर हातमोजे काढून निघाले. सोडा. मी म्हटलं, अहो साहेब, अजून एक गिऱ्हाईक आहे. दाबा."

त्याच सुमारास चष्मेवाल्याच्या पायाला काहीतरी वेगळं जाणवलं. मघापर्यंत पेडल पायाला उलट रेटत होतं; आता ते लोण्यात सुरी जावी तसं जात होतं. त्याने तोंड उघडलं. गोष्ट अगदी रंगात आली होती. त्याने तोंड मिटलं. आणखी सात-आठ वेळा दाबलं, सोडलं.

"अगं बाई!" सासू ओरडली. बरणीत बुडबुडे उसळत होते.

ती धडपडत उठली, बॉनेटखाली वाकली. टाकी कोरडी ठणठणीत होती.

"भरायची विसरले. गप्पांच्या नादात. चूक माझीच." मग ती गाडीच्या खिडकीशी आली. "पण पेडल मऊ पडलं असेल की. पडलं नाही?"

"पडलं."

"केव्हापासून?"

"थोडा वेळ झाला."

"आणि तुम्ही गप्प बसलात? तिथं पाय तुमचा होता, माझा नव्हता. मला कसं कळणार?"

चष्मेवाल्याचे कान तापले. आठ वर्षं दाबून धरलेलं पेडल बहुधा तेव्हाच सुटलं.

"तुम्हाला मधेच कसं थांबवणार? लग्नात तुम्ही तुमच्या बहिणीला म्हणाला होतात, 'पोरगा दिसायला बरा आहे, पण तोंडात जीभ आहे की नाही कोण जाणे.' मी मागेच उभा होतो. त्यानंतर तुमच्यासमोर बोलायला गेलो की आधी ते वाक्यच ऐकू येतं."

सासू फडक्याला एकेक बोट पुसत राहिली. मग दार उघडून शेजारच्या सीटवर येऊन बसली. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मला भीती वाटली होती."

"माझी?"

"मुक्या माणसाची. हिचे बाबा तसेच. भला माणूस, पण स्वतःचं म्हणून काही सांगणार नाही. दोन दिवस छातीत दुखत होतं. मी ड्यूटीवरून दमून येते म्हणून बोलले नाहीत. नर्स होते मी. शेजारी झोपले होते. हात लांब केला असता तर नाडी लागली असती." तिने फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. "ते गेले तेव्हा पोर अकरा वर्षांची होती. तिच्या वाट्यालाही तसाच माणूस येतो की काय, असं वाटलं. पण तुमच्या कानावर पडायला नको होतं ते. चुकलंच माझं."

बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्याचा फुसफुस आवाज तेवढा येत होता.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "ती कधी सांगत नाही."

"सांगेल. विचार तिला." आणि मग, आवाज नेहमीच्या पट्टीत आणून, "अजून काय काय गिळून बसला आहेस? आजच काढून टाक."

ती 'तू' म्हणाली हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही. चष्मेवाल्याने घसा साफ केला.

"तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय. तुम्ही वाचताना मान मागे नेता."

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी."

"दोन वर्षं! आणि मी सुईत दोरा जात नाही म्हणून दुकानदाराशी भांडून आले, सुया खराब देता म्हणून!"

यावर तो जो हसायला लागला तो थांबेचना. ठेंगणी घोड्यांवर थरथरली, तशी सासू म्हणाली, "पुरे, पुरे, पाडशील," आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात झाली. या खेपेला आतून अखंड धावतं वर्णन चालू होतं. "कडक आहे. अजून कडक आहे. आई, टाकी बघा. आता जरा मऊ वाटतंय, बहुतेक माझा पाय दमलाय. नाही, कडक आहे."

"अरे, श्वास तरी घे," सासू चाकामागून म्हणाली.

दुपार कलली तेव्हा चारही चाकं चढली. पेडल दगडासारखं टणक झालं होतं. सासूने त्याला शेजारी बसवून गाडी मागच्या रिकाम्या रस्त्यावर काढली, आधी चालण्याच्या वेगाने, मग जरा जोरात, आणि तीनदा ब्रेक दाबून पाहिला. तिन्ही वेळा ठेंगणी सरळ रेषेत, नाक खाली करून उभी राहिली. सासू खाली उतरली आणि पलीकडून फिरून त्याच्या दाराशी आली.

"सरक. चालव आता तू."

"मी? ही?"

"ब्रेक तुझ्याच पायाने भरलेत."

त्याला वाटलं, रस्ताच मांडीवर घेऊन बसलोय. पहिल्या गिअरला गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा उडी मारून निघाली. कोपरा आला, वळली. पुढचा कोपरा आला, तिथेही वळली. घरं विरळ झाली, दोन्ही बाजूंना झाडं लागली. सासू काच खाली करून, हात बाहेर टाकून निवांत बसली होती.

तिच्या पिशवीतला फोन वाजला. पलीकडे लेक होती.

"आई, झालं का काम? जेवण निवून गोळा झालंय. त्याने काही घोळ तर नाही ना घातला?"

"काम कधीच झालं."

"मग आहात कुठे?"

सासूने इकडे-तिकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

"ते काही नक्की सांगता येत नाही बघ," ती म्हणाली. "पण पेट्रोल अजून अर्धी टाकी आहे. तू जेवून घे."