परक्या नावाची पाटी

मित्रांनो, मी मोजे विणणारी एक जुनी मशीन आहे. दिसायला बुटकी, पोटाशी गोल आणि त्या गोलावर बारीक सुयांची रांग. तुम्ही शाळेत जाताना घाईघाईने पायांत चढवता, त्या मोज्यांतला एखादा जोड माझ्या पोटातून निघालेला असेलही. टाचेपाशी मी जरा रेंगाळते, कारण टाच नीट वळली नाही तर मोजा दिवसभर बुटात गोळा होतो, आणि त्रास तुम्हाला होतो.

एका मोठ्या कारखान्याने मला भंगारात काढले होते. तिथून ताईने मला आणले, झिजलेल्या सुया बदलल्या आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या तिच्या एका खोलीत बसवले. ती मला चालवायची. दुकानांत मोजे पोचवणे, हिशेब आणि बोलणे हे सगळे तिच्या थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे काम. दादा बोलायला लागला की समोरचा दुकानदार मोजे घेऊनच सुटायचा. आमचे बरे चालले होते.

मग एका वर्षी चार शाळांचे काम एकदम आले. ताईला आनंद झाला आणि काळजीही वाटली, कारण एवढे सूत उधारीवर कोण देणार? दादा बँकेत खेटे घालू लागला. घरी येऊन तो ताईला सांगायचा की बँकेतले साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, आपले कागदही त्यांना पसंत आहेत, पण निवडणूक जवळ आल्यापासून कर्ज कुणाला द्यायचे त्यांची नावे वरूनच येतात. आपल्या फाइलला म्हणे पाय नाहीत, तिला चालवायला कुणाचा तरी फोन लागतो. ताई हसली, पण त्या दिवशी तिने माझ्या दोन सुया वाकवल्या. एरवी तिच्या हातून असे होत नाही.

आणि मग पुतणेसाहेब आले. निवडणुकीला उभ्या असलेल्या पुढाऱ्यांचा हा पुतण्या. मोज्यांच्या कारखान्यासाठी त्याला कर्ज मंजूरही झाले होते. शेड होती, दारावर नाव होते, नव्हती ती फक्त मशीन. पैसे हातात पडण्याआधी बँकेचे लोक पाहायला येणार होते. तेव्हा त्याने दादाला गळ घातली, की दोन दिवस तुमची मशीन द्या, मग काकांचा एक फोन आणि तुमची फाइल पळत सुटेल. दादा भुलला. ताईला त्याने सांगितले की मशीनला रंग लावून आणतो. ताईने मला तेल दिले, मऊ फडक्याने पुसले आणि टेम्पोत चढवताना स्वतः हात लावला. ते आठवले की मला अजून वाईट वाटते.

त्या शेडमध्ये बँकेचे साहेब आले. त्यांनी माझी गुळगुळीत झालेली मूठ पाहिली, सुयांत अडकलेला निळा धागा पाहिला आणि मान दुसरीकडे वळवली. मी कुठून आले हे त्यांना कळले होते, असे मला वाटते. मग त्यांच्याबरोबरच्या माणसाने माझ्या छातीवर एक पत्र्याची पाटी ठोकली. तिच्यावर पुतणेसाहेबांच्या कंपनीचे नाव, आणि खाली 'बँकेकडे तारण'. म्हणजे त्याने कर्ज बुडवले तर बँक मला उचलून नेणार. दारात उभ्या असलेल्या दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मशीन नुसती पाहतील, एवढाच त्याचा समज होता.

मी घरी आल्यावर ताईने पाटी वाचली. पाटीवर एक फडके टाकले आणि दादाशी बोलणे बंद केले. काकांचा फोन काही आला नाही. शाळांचे काम दुसऱ्याकडे गेले. काका निवडून आले, आणि पुतणेसाहेब रस्त्यात ओळख दाखवेनासे झाले. त्यांनी कर्जाचा हप्ता एकही भरला नाही, शेडला कुलूप लागले, आणि एका दुपारी साहेब टेम्पो घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

ताईने माझी मूठ घट्ट धरली. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "काय करू? कागदावर ही त्यांची आहे."

दादा पुढे आला. "दुसरा कागद घ्या, साहेब. ही मशीन माझ्या बहिणीची आहे. तिला खोटं सांगून तिकडे नेली ती मी."

"हे लिहिलं तर तुम्ही अडकाल. पाटी माझ्या देखत लागली, म्हणजे मीही अडकेन."

"तुमचं तुम्ही बघा. माझं लिहा. हिचं पोट या मशीनवर आहे."

साहेब स्टुलावर टेकले. मग त्यांनी टेम्पो रिकामाच परत पाठवला आणि लिहायला घेतले. आधी दादाचे लिहिले, मग स्वतःचे.

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू? साहेबांची लांब बदली झाली. दादाच्या मागे चौकशी लागली, आणि आता कुठलीच बँक आम्हाला दारात उभे करत नाही. पुतणेसाहेबांना नव्या नावाने नवे कर्ज मिळाले, असे कानावर येते. माझी पाटी मात्र निघाली. ताई मिळेल तेवढे सूत आणते आणि मी विणते.

चौकशीच्या पहिल्या फेरीहून दादा आला, तो दाराबाहेरच घुटमळत राहिला. ताईने मान वर न करता सुताची लडी उचलली. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याशी बोलली, "आत ये. हात पुढे कर, लडी धर. एकटीला गुंडाळता येत नाही." दादाने दोन्ही हात पुढे केले, आणि त्या दोघांना तसे पाहून मला रडू आले असते, रडता येत असते तर.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी बँकेत बसेल, कुणी निवडून येईल. कुणाला पैसे द्यायचे हे ठरवताना फोन जरा बाजूला ठेवा आणि त्याच्या मशीनला हात लावून पाहा. रोज चालणारी मशीन कोमट लागते. त्या दिवशी शेडमध्ये साहेबांनी हात लावला असता, तर मी त्यांना थंडगार लागले असते.